दुसऱ्या मजल्यावरचा गोंगाट

१

माझे वडील गिरणीत साचाखात्यात होते. आमच्या चाळीत साचाखात्यातला माणूस जिन्यातच ओळखू यायचा, कारण तो साधी चौकशीही भांडल्यासारखी करायचा. शेकडो साचे एका छपराखाली चालतात, धोटा या टोकाकडून त्या टोकाला आपटत राहतो आणि आठ तासांच्या पाळीत माणूस शेजाऱ्याशी ओठांच्या हालचालींवरून बोलायला शिकतो. घरी आल्यावर वडिलांना कुजबुज ऐकू येत नसे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. त्यानंतर घर शांत झाले आणि ती शांतता आम्हां कोणालाच सोसली नाही.

कॉलेज अर्धवट सोडून मी परळच्या एका स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानात लागलो. लग्नपत्रिका, मंडळांचे बॅनर, निवडणुकीची पत्रके, सगळे हाताने. पुढे स्वतःचे छोटे दुकान टाकले. या लेखाचा विषय माझ्याकडे आला तो संगीताच्या वाटेने नाही, छपाईच्या वाटेने. फोर्टच्या फुटपाथवर एक परदेशी पुस्तक मिळाले, पोस्टरांचे. त्यातल्या एका पोस्टरवर मी थबकलो. पिवळ्यावर गुलाबी, गुलाबीवर निळा, एकावर एक चढवलेले रंग. कडा किंचित सरकलेल्या. हे यंत्राचे काम नव्हते. जाळीवर हाताने रंग ओढलेला होता आणि ओढणारा घाईत होता, हे मला कागदावरून दिसत होते. चित्रांच्या जंजाळात कार्यक्रमाची तारीख शोधावी लागत होती आणि खाली बँडची नावे होती. त्यांतले एक नाव ‘लाइटनिंग बोल्ट’.

मुलाने मोबाइलवर त्यांचे एक गाणे लावून दिले. पहिल्यांदा मी अर्ध्या मिनिटात बंद करायला सांगितले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावले आणि एकाएकी लक्षात आले की हा आवाज मला ठाऊक आहे. वडिलांना डबा द्यायला गेलो की साचाखात्याच्या दारातून जो अंगावर यायचा, त्या आवाजाचा हा कोणीतरी लांबचा नातलग होता. नंतर वाचत गेलो तेव्हा कळले की हा बँड वाढला तीही एक बंद पडलेली कापडगिरणीच होती. त्या गिरणीची, तिच्या दुसऱ्या मजल्याची आणि तिथून निघालेल्या गोंगाटाची ही हकीकत.

२

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतले सर्वांत लहान राज्य आणि प्रॉव्हिडन्स ही त्याची राजधानी. अमेरिकेतल्या कापडधंद्याची सुरुवात याच परिसरात झाली. सॅम्युएल स्लेटर नावाचा इंग्रज तरुण १७८९ साली अमेरिकेत उतरला. डर्बीशरमधल्या गिरणीत त्याने उमेदवारी केली होती. सूतकताईच्या यंत्रांचे आराखडे देशाबाहेर नेण्यास इंग्लंडमध्ये बंदी असल्यामुळे त्याने ते डोक्यात साठवून आणले. प्रॉव्हिडन्सला लागूनच असलेल्या पॉटकेट गावी त्याने नदीच्या पाण्यावर चालणारी यंत्रे उभी केली. १७९३मध्ये बांधलेली त्याची गिरणी आज संग्रहालय म्हणून उभी आहे. तिथले पहिले कामगार लहान मुले होती. याच पॉटकेटमध्ये १८२४ साली पगारकपातीविरुद्ध विणकर स्त्रियांनी संप केला. अमेरिकेतल्या कारखान्यांमधला तो पहिला संप मानला जातो.

या गिरण्यांना लागणारा कापूस दक्षिणेतल्या गुलामांच्या श्रमातून येई आणि त्याच गुलामांसाठी लागणारे जाडेभरडे कापड ऱ्होड आयलंडमध्ये विणले जाई. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेचा कापूस अडला आणि त्याच्या चढलेल्या भावावर मुंबई श्रीमंत झाली, हा इतिहास आपल्या वाचकांना माहीत आहे. एकाच धाग्याची ही दोन टोके आहेत, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकापासून गिरण्या उत्तरेतून दक्षिणेकडे सरकू लागल्या. तिथे मजुरी स्वस्त होती आणि संघटना दुबळ्या होत्या. १९२२ आणि १९३४मध्ये मोठे संप झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेसुरलेही गेले. प्रॉव्हिडन्समधल्या वूनास्क्वाटकेट नदीच्या काठचा ओल्नीव्हिल हा भाग म्हणजे तिथले गिरणगाव. कामगार पांगले आणि विटांच्या प्रचंड इमारती तशाच उभ्या राहिल्या. भक्कम जमिनी, उंच छत, मोठाल्या खिडक्या, भाडे मातीमोल आणि रात्री आसपास चिटपाखरू नाही. १९९०च्या दशकात या इमारतींकडे नजर गेली ती कलाशाळेतल्या मुलांची.

३

प्रॉव्हिडन्समध्ये १८७७ साली स्थापन झालेली ‘ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन’ ही नामांकित कलाशाळा आहे. ‘टॉकिंग हेड्स’ या प्रसिद्ध बँडचे तीन सदस्य १९७०च्या दशकात तिथेच एकमेकांना भेटले होते. पण त्या बँडने नाव मिळवले ते न्यूयॉर्कला जाऊन. लहान शहराचे हेच दुखणे असते. तिथे माणूस घडतो आणि निघून जातो. एखाद्या शहराला स्वतःचे असे संगीत लाभायचे, तर काही माणसांनी न जाण्याचे ठरवावे लागते आणि त्यांना राहण्याजोगी, वाजवण्याजोगी जागा मिळावी लागते.

प्रॉव्हिडन्समध्ये याची पूर्वतयारी झालेली होती. १९८५ साली ‘एएस २२०’ ही संस्था सुरू झाली. कोणाचीही निवड करायची नाही, कोणालाही कात्री लावायची नाही, जो येईल त्याने आपली कला मांडावी, हे तिचे सूत्र. १९९३ साली बेन मॅकॉस्करने ‘लोड रेकॉर्ड्स’ ही छोटी ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. ‘सिक्स फिंगर सॅटेलाइट’, ‘अरब ऑन रडार’ असे कर्कश, तिरपागडे बँड शहरात वाजत होते.

या वातावरणात १९९४ साली ‘लाइटनिंग बोल्ट’ जन्मला. कलाशाळेतली दोन मुले, दोघांचेही नाव ब्रायन. ब्रायन चिपनडेल ड्रम वाजवायचा आणि ब्रायन गिब्सन बेस गिटार. सुरुवातीच्या काळात हिशम भरूचा नावाचा तिसरा साथीदारही होता. तो लवकरच बाहेर पडला आणि नंतर ‘ब्लॅक डाइस’ या बँडचा एक संस्थापक झाला. भरूचा हे आडनाव मुंबईकराच्या कानाला ओळखीचे वाटते. पण आडनावावरून नाते जोडण्याचा मोह संशोधकाने आवरावा, म्हणून मी तो आवरला आहे.

१९९५ साली चिपनडेल आणि त्याचा मित्र मॅट ब्रिंकमन यांनी ओल्नीव्हिलमधल्या जुन्या गिरणीचा दुसरा मजला भाड्याने घेतला आणि त्याला नाव दिले ‘फोर्ट थंडर’. मेघगर्जनेचा किल्ला. मित्र येत गेले, खोल्या पाडल्या गेल्या. भंगारातून आणलेल्या सायकली, मोडकी खेळणी, बाहुल्या, पोस्टरे यांनी भिंती छतापर्यंत भरल्या. तिथेच राहायचे, तिथेच चित्रकथा काढायच्या, तिथेच जाळीवर पोस्टरे छापायची आणि तिथेच रात्री बँड वाजवायचे. विचित्र पोशाख करून कुस्त्यांचे खेळही होत. एका छपराखाली चित्रकार, छापणारा, वाजवणारा आणि स्वयंपाक करणारा हा एकच माणूस होता.

मला त्या पोस्टरवर दिसलेली घाई आता समजली. कार्यक्रम चार दिवसांवर आलेला असायचा आणि पोस्टर छापणारा हाच वाजवणाराही असायचा.

४

‘नॉइज रॉक’ या प्रकाराला सोयीचा मराठी शब्द नाही. ‘गोंगाट’ म्हटले की निषेध येतो. मला जवळचा वाटतो तो ‘गोंधळ’. आपल्या भाषेत या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. एक बेशिस्त कल्लोळ आणि दुसरा संबळ-तुणतुण्यावर रात्रभर चालणारे देवीचे विधिपूर्वक जागरण. बाहेरून ऐकणाऱ्याला जो पहिला वाटतो, तो आत बसलेल्याला दुसरा असतो. नॉइज रॉकचेही तसेच आहे.

गोंगाटाला संगीतात स्थान द्यावे, ही कल्पना जुनी आहे. इटालियन चित्रकार लुईजी रुसोलो याने १९१३ साली त्यावर जाहीरनामाच लिहिला. यंत्रयुगातल्या माणसाचा कान आता जुन्या सुरांवर समाधान मानणार नाही, असे त्याचे म्हणणे. रॉक संगीतात हा विचार १९६०च्या दशकात ‘व्हेल्वेट अंडरग्राउंड’ने आणला आणि १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या ‘नॉइज फेस्ट’च्या सुमारास ‘सॉनिक यूथ’ने तो पुढे नेला. नुसता बेस आणि ड्रम एवढ्यावर वादळ उठवणारा ‘रुइन्स’ हा बँड जपानमध्ये १९८५पासून होता. तेव्हा लाइटनिंग बोल्टने काही आकाशातून आणले, असे नाही. त्यांचे वेगळेपण बारकाव्यांत आहे आणि ते बारकावे सांगितल्याशिवाय हा गोंगाट नेमका कसा बनला हे कळत नाही.

गिब्सनने बेस गिटारची नेहमीची जुळवणी सोडली. साधारणपणे बेसच्या लगतच्या दोन तारांमध्ये षड्ज-मध्यम अंतर असते. त्याने चेलोप्रमाणे षड्ज-पंचम अंतर ठेवले आणि सर्वांत वरच्या सुराला बॅन्जोची बारीक तार लावली. त्यामुळे एकाच वाद्यातून खाली घरघर आणि वर किंकाळी निघू लागली. बाकीचे काम आवाज चिरफाळणाऱ्या पेट्यांनी केले. चिपनडेलपुढे प्रश्न वेगळाच होता. दोन्ही हात ड्रमवर, मग गायचे कसे? त्याने टेलिफोनच्या रिसीव्हरमधला मायक्रोफोन स्वतः शिवलेल्या कापडी मुखवट्यात बसवला. मुखवट्यातून येणारे शब्द कळत नाहीत. पण साचाखात्यात तरी कोणाचे शब्द कळत होते? आवाजाच्या वर आवाज काढण्याची माणसाची धडपड तेवढी ऐकू येते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते स्टेजवर चढत नसत. श्रोत्यांच्या मधोमध जमिनीवर स्पीकर रचायचे, आधीच्या बँडचा शेवटचा ठोका पडला की दुसऱ्या कोपऱ्यातून यांनी सुरू करायचे आणि लोकांनी चारही बाजूंनी कडे करायचे. पहिल्या रांगेतल्या माणसाचा गुडघा ड्रमला टेकलेला असे. २००२ साली त्यांच्यावर ‘द पॉवर ऑफ सॅलड’ हा माहितीपट निघाला, त्यात हे दिसते. मला ते पाहताना वाड्याच्या चौकातल्या गोंधळाची आठवण झाली. तिथेही मंच नसतो, अंगण असते.

आता माझा मुद्दा. ही शैली आवडीनिवडीतून जितकी आली, तितकीच जागेतून आली. साच्यांची धडधड पेलण्यासाठी बांधलेली जमीन होती, म्हणून तो आवाज शक्य झाला. शेजारी नव्हते, म्हणून रात्री दोन वाजता शक्य झाला. स्टेज नव्हते, म्हणून जमिनीवर वाजवणे सुचले. भाडे दहा जणांत वाटले जाई, म्हणून पोटासाठी पूर्णवेळ नोकरी न करता सहा-सात वर्षे सराव करता आला. कलेच्या इतिहासात आपण प्रतिभेची चर्चा करतो, चौरस फुटांची करत नाही. ती करायला हवी.

५

१९९०च्या दशकातले प्रॉव्हिडन्स कात टाकत होते. महापौर बडी सियान्सी यांच्या काळात झाकलेल्या नद्या उघडल्या गेल्या, काठांवर उद्याने झाली. १९९६पासून शहराच्या मध्यवर्ती भागात राहून काम करणाऱ्या कलावंतांना राज्याच्या प्राप्तिकरात सवलत मिळू लागली. कलावंतांचे शहर म्हणून प्रॉव्हिडन्सची जाहिरात होऊ लागली. पण ओल्नीव्हिल हा काही मध्यवर्ती भाग नव्हता. तिथल्या ईगल स्क्वेअर भागातल्या गिरण्या पाडून दुकानांचे संकुल आणि सुपरमार्केट उभारण्याची योजना पुढे आली.

विरोध झाला. वारसाप्रेमी, विद्यार्थी, कलावंत सुनावण्यांना जाऊन बोलले. त्यामुळे आवारातल्या काही इमारती वाचल्या. फोर्ट थंडर वाचले नाही. २००१ साली राहणाऱ्यांना बाहेर काढले आणि २००२ साली इमारत पाडली.

या दोन वर्षांच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या की गंमत दिसते. २००१मध्येच लाइटनिंग बोल्टचा ‘राइड द स्काइज’ हा दुसरा अल्बम आला. २००२मध्ये, इमारत पडली त्याच वर्षी, न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने आपल्या मानाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात फोर्ट थंडरमधल्या ‘फोर्सफील्ड’ या गटाला बोलावले. २००३मध्ये ‘वंडरफुल रेनबो’ आला आणि त्याने बँडचे नाव दूरवर नेले. २००६मध्ये ज्या कलाशाळेतून ही मुले निघाली, तिच्याच संग्रहालयात त्यांच्या पोस्टरांचे मोठे प्रदर्शन भरले. ज्या शहराने जागा पाडली, त्याच शहराने तिथला कागद काचेमागे लावला. सियान्सी मात्र २००२मध्येच भ्रष्टाचाराच्या खटल्यात दोषी ठरून तुरुंगात गेले.

६

इथवर लिहून थांबलो असतो तर ही एक सोपी शोककथा झाली असती. पण दुसरी बाजू मांडली नाही तर लबाडी होईल.

पहिली गोष्ट. फोर्ट थंडरमधली मुले म्हणजे गिरणीकामगार नव्हेत. महागड्या कलाशाळेतली पदवी हाती असणाऱ्याचे दारिद्र्य आणि साचा बंद पडलेल्या माणसाचे दारिद्र्य यांत फरक असतो. पहिल्याला परतीची वाट असते. ओल्नीव्हिलमध्ये तेव्हा लॅटिन अमेरिकेतून आलेली गरीब कुटुंबे राहत होती. त्यांच्यातल्या एखाद्या बाईला जवळ सुपरमार्केट झाले याचे दुःख झाले असेल, असे मी म्हणू शकत नाही.

दुसरी गोष्ट आगीची. २० फेब्रुवारी २००३ च्या रात्री प्रॉव्हिडन्सजवळच्या वेस्ट वॉरिक या जुन्या गिरणीगावात ‘द स्टेशन’ या क्लबमध्ये एका रॉक बँडच्या शोभेच्या दारूने पेट घेतला आणि १०० माणसे गेली. ठिणगी पडली ती भिंतींवरच्या फोमवर. तो फोम लावला होता तो आवाजाबद्दल शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या म्हणून, गोंगाट बाहेर जाऊ नये यासाठी. मी ही माहिती वाचली तेव्हा बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. त्यानंतर ऱ्होड आयलंडने अग्निसुरक्षेचे कायदे कडक केले, जुन्या इमारतींना मिळणारी सूट काढून टाकली. छोट्या जागांना ते परवडले नाही, ही तक्रार खरी आहे. पण मृतांचा आकडाही खरा आहे. भंगार आणि कागदांनी छतापर्यंत भरलेल्या त्या दुसऱ्या मजल्यावर सहा वर्षांत आग लागली नाही, याला मी नशीब म्हणतो.

आपल्याकडे हा धडा २९ डिसेंबर २०१७ला मिळाला. लोअर परळच्या कमला मिल आवारात मध्यरात्रीनंतर पबला आग लागली, १४ जण गेले. ती जागा स्वस्त नव्हती, गरीब कलावंतांची नव्हती, तरी ती सुरक्षित नव्हती. म्हणजे स्वस्त जागा धोक्याची आणि महाग जागा सुरक्षित, असा सरळ हिशेब नाही. जागा सुरक्षित करायला पैसा लागतो आणि इच्छा लागते. प्रॉव्हिडन्समध्ये इच्छा असणाऱ्यांकडे पैसा नव्हता. लोअर परळमध्ये पैसा होता.

७

मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले, हे मी नव्याने सांगायला नको. १९९१च्या नियमात एक तृतीयांश मोकळी जागा शहराला, एक तृतीयांश घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला अशी वाटणी होती. २००१मध्ये तो नियम बदलला आणि वाटणी मोकळ्या जमिनीपुरतीच राहिली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. गिरणगावात भजनी मंडळे होती, शाहिरांचे फड होते, नाटक कंपन्या होत्या. त्यांच्या तालमी चाळींच्या खोल्यांत, व्यायामशाळांत, पाळी संपल्यावर चालत. अण्णाभाऊ साठे, अमर शेख या मातीत गाजले ते काही प्रतिभेच्या एकट्या बळावर नव्हे. ऐकणारे हजारो कामगार चालत येण्याच्या अंतरावर राहत होते. आता कोणी पोर तिथे मोठ्याने वाजवू म्हणेल तर कुठे? तळघरातल्या पार्किंगमध्येही सोसायटीचा पहारेकरी असतो.

लाइटनिंग बोल्ट मात्र संपला नाही. किल्ला पडला तरी दोघे वाजवत राहिले. गिब्सनने पोटासाठी व्हिडिओ गेमच्या कंपनीत चित्रकाराचे काम केले; प्लॅस्टिकची गिटार हातात देऊन घराघरांत पोरांना रॉकस्टार बनवणारा ‘गिटार हीरो’ हा गेम त्याच कंपनीचा. चिपनडेल चित्रकथांची पुस्तके काढत राहिला. २०१५मध्ये त्यांचा ‘फँटसी एम्पायर’ आला, २०१९मध्ये ‘सॉनिक सिटाडेल’. सिटाडेल म्हणजे पुन्हा किल्लाच.

‘फँटसी एम्पायर’ पूर्वीसारखा हाताशी असेल त्या यंत्रावर ध्वनिमुद्रित झाला नव्हता, तर व्यवस्थित स्टुडिओत झाला होता. तो स्टुडिओ आहे पॉटकेटमध्ये, जिथे स्लेटरने पहिली यंत्रे फिरवली त्याच गावात.

वडील गेले त्याला बरीच वर्षे झाली. शेवटी त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. मी कधी कधी दुकान बंद केल्यावर, शटर अर्धे ओढून, तो अल्बम लावतो. भिंतीपलीकडे आता ऑफिसे आहेत आणि ती सहाला रिकामी होतात. मला वाटते, हा आवाज वडिलांना ऐकू आला असता. जमिनीतून, तळपायाला. बंद करा म्हणाले असते की नाही, ते मात्र सांगता येत नाही.